एकाच बराकीतले दोन मुक्काम

पश्चिम महाराष्ट्रात लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की अजूनही कित्येक घरांत गांधीनगरचं नाव निघतं. कोल्हापूरपासून सात-आठ किलोमीटरवर, मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गालगत ही घाऊक कापडाची पेठ आहे. सांगलीकडून, निपाणी-बेळगावकडून माणसं गाड्या करून येतात, साड्यांचे गठ्ठे बांधून घेतात आणि दिवेलागणीच्या आत घरचा रस्ता धरतात. दुकानांच्या पाट्यांमागे, आतल्या गल्ल्यांत, काही बसकी, लांबलचक कौलारू बांधकामं अजून तग धरून आहेत. ती बाजारासाठी बांधलेली नव्हती. १९४३ साली ती उभी राहिली पोलंडहून उखडल्या गेलेल्या बायकामुलांसाठी. तेव्हा त्या वसाहतीला शेजारच्या गावावरून वळिवड्याचा कॅम्प म्हणत. पोलिश लोक १९४८ पर्यंत निघून गेले आणि त्याच खोल्यांत सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. पेठ त्यांनी उभी केली.

एका निर्वासित समाजानं बिऱ्हाड हलवावं आणि त्याच चुलीवर दुसऱ्यानं भांडं चढवावं, असं महाराष्ट्रात दुसरीकडे घडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. थारा देणारा समाज निर्वासितांना कसा दिसतो, हा या पुस्तकाचा विषय. त्यासाठी वळिवड्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. कौलं तीच, पंचगंगा तीच, जूनमधला पाऊस तोच, भोवतालचे गावकरीही तेच. तरीही पोलिश आठवणींतला महाराष्ट्र आणि सिंधी आठवणींतला महाराष्ट्र हे दोन वेगळे प्रदेश वाटावेत इतके निराळे आहेत. एकीकडे कृतज्ञतेचे स्तंभ उभारले गेले, दुसरीकडे बराच काळ हिशेब, तक्रार आणि अबोला होता. याचा अर्थ कोल्हापूरकर एकांशी चांगले वागले आणि दुसऱ्यांशी वाईट, असा लावणं सोपं आहे. तो अर्थ चुकीचा आहे, असं मला वाटतं. आश्रिताची नजर मुख्यतः एका गोष्टीवर ठरते : इथे किती दिवस काढायचे आहेत असं तो धरून चालला आहे. यजमानाचा भलेपणा त्यानंतर मोजला जातो, आणि मोजमापाची पट्टीही या मुक्कामाच्या लांबीप्रमाणे बदलते.

आधी पोलिश लोकांचं पाहू. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया पोलंडमध्ये घुसले. रशियाच्या ताब्यात गेलेल्या पूर्व भागातून फेब्रुवारी १९४० पासून माणसांना कुटुंबांसकट मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात, उत्तरेच्या जंगलांत पाठवायला सुरुवात झाली. लाकूडतोड, उपासमार, टायफस. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, आणि जुलैत लंडनमधल्या पोलिश सरकारचा मॉस्कोशी करार झाला. त्यानंतर या लोकांची ‘माफी’ झाली. माफी कशाबद्दल, हे त्यांनाही कळलं नाही. जनरल आंदेर्स यांच्या नव्या पोलिश सैन्यापाठोपाठ १९४२ मध्ये एक लाखाहून अधिक माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांत हजारो बायका, म्हातारी माणसं आणि पोरकी मुलं होती. पुरुष लढाईवर गेले. बाकीच्यांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न ब्रिटिशांपुढे होता. कोणी आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिकोत, न्यूझीलंडमध्ये, काही भारतात.

भारतातल्या पोलिश मुलांची गोष्ट सांगताना सगळे जामनगरजवळच्या बालाचडीची सांगतात. नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी आपल्या संस्थानात मुलांसाठी छावणी उघडली. वॉर्सात आज त्यांच्या नावानं चौक आहे. ती गोष्ट सुंदर आहे आणि खरीही आहे. पण राजा आणि अनाथ मुलं म्हटलं की ऐकणाऱ्याचं काम सोपं होतं. वळिवड्याला असा राजा नव्हता. कोल्हापूरच्या गादीवर त्या वर्षांत एक तान्हं मूल होतं आणि कारभार राजप्रतिनिधीमार्फत चालत होता. छावणीचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार सोशीत होतं, व्यवस्थाही पोलिश माणसांच्याच हाती होती. बालाचडीत हजाराच्या आत-बाहेर मुलं होती, इथे सुमारे पाच हजारांची वस्ती. बालाचडी १९४६ मध्ये बंद झाली तेव्हा तिथली मुलंही वळिवड्यालाच आली. म्हणजे भारतातल्या पोलिश निर्वासितांचं खरं गाव हेच होतं.

गाव म्हणायचं ते शब्दशः. शाळा, चर्च, दवाखाना, रंगमंच, वाचनालय, स्काउट पथकं, सगळं पोलिश. मुंबईतून ‘पोलाक व इंदियाख’ म्हणजे ‘भारतातला पोलिश माणूस’ या नावाचं नियतकालिक निघे. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलं, पुढे ओसरी. बायका ओसरीपुढे फुलझाडं लावीत. आसपासचे भाजीवाले, फळवाले, शिंपी, चांभार दिवसभर छावणीत ये-जा करीत आणि धंद्यापुरतं पोलिश बोलायला शिकले होते. परक्या मुलखात आलेल्या माणसाला स्थानिक भाषा शिकावी लागते, असा जगाचा रिवाज. इथे उलट झालं, आणि का झालं हे समजून घेतलं की या छावणीतल्या नजरेचा निम्मा उलगडा होतो. पैसे खर्च करणारे हे होते, विकणारे ते. शिवाय हे गोरे होते. ब्रिटिश हिंदुस्थानात गोऱ्या कातडीला जो आपोआप मान होता तो सायबेरियातून पायात धड बूट नसताना आलेल्या बाईलाही मिळाला. दोन वर्षांपूर्वी जिला कोणी माणूस म्हणून मोजत नव्हतं, ती इथे मडमीणबाई झाली. पोलिश आठवणींत भारतीयांचा शांतपणा, अदब, हसरेपणा पुन्हा पुन्हा येतो. तो खरा असेलही. पण गोऱ्यांशी वागताना १९४३ सालच्या कोल्हापुरी माणसाला दुसरी कोणती रीत उपलब्ध होती, हा प्रश्न मनात ठेवूनच ती पानं वाचायला हवीत.

आणखी एक गोष्ट. वळिवड्याविषयी ज्यांनी लिहिलं ते बहुतेक तेव्हा मुलं होते. ‘असोसिएशन ऑफ पोल्स इन इंडिया’ या त्यांच्या संघटनेनं पुढे जो भलाथोरला स्मृतिग्रंथ काढला, त्यात नदीतलं पोहणं आहे, आंबे आहेत, विंचू आणि साप आहेत, नाटकं आहेत, पहिला पाऊस आहे. उपासमारीतून आलेल्या मुलाला पोटभर जेवण, शाळा आणि ऊन मिळालं. त्याला ती जागा स्वर्गच वाटणार. पण त्याच ओसरीवर त्याची आई बसलेली होती. तिचा नवरा इटलीत मोंते कासिनोच्या डोंगरावर लढत होता, किंवा १९४० मध्येच कुठेतरी नाहीसा झाला होता आणि त्याचं काय झालं ते कोणी सांगत नव्हतं. तिला मराठी येत नव्हतं, उकाडा सोसवत नव्हता, आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाच्या बैठकीत तिचं गाव नकाशावर पोलंडच्या बाहेर गेलं. जुलैत ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. ज्या सरकारच्या भरवशावर ही छावणी चालली होती ते सरकारच उरलं नाही. या आयांनी फारसं लिहिलं नाही. त्यामुळे पोलिश साहित्यातलं वळिवडं गोड आहे त्याचं एक कारण भावनेपेक्षा जन्मसालात शोधावं लागतं.

याल्टानंतर पोलिश लोकही परत जायला घर नसलेले झाले, मग माझा मुक्कामाचा मुद्दा ढासळतो की काय? मला तसं वाटत नाही. घर गेलं, तरी इथे कायमचं राहायचं आहे असं त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाच वाटलं नाही, आणि तसं राहू देण्याचा सरकारचाही विचार नव्हता. १९४७ मध्ये ब्रिटननं पोलिश सैनिकांना स्थायिक होऊ देणारा कायदा केला. ज्यांचा मुलगा, नवरा, भाऊ त्या सैन्यात होता ती कुटुंबं बोटीत बसली. कोणी पोलंडला परतले, कोणी पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांमार्गे ऑस्ट्रेलिया-कॅनडाला पोचले. एखाद-दुसरी मुलगी इथल्या घरात सून म्हणून राहिली. मुंबईतल्या पोलिश वकिलातीत कॉन्सुल असलेल्या एउगेनिउश बानासिन्स्की यांच्या पत्नी किरा, ज्यांनी रेडक्रॉसच्या कामातून या निर्वासितांसाठी अपार धडपड केली, त्याही भारतातच राहिल्या आणि २००२ मध्ये हैदराबादेत वारल्या. हे अपवाद. बाकी पाच हजार माणसांनी कोल्हापूरकरांकडे जमीन मागितली नाही, बाजारात गाळा मागितला नाही, त्यांच्या मुलांनी इथल्या मुलांशी नोकरीसाठी स्पर्धा केली नाही. यजमानालाही त्यांच्यावर प्रेम करायला काही खर्च आला नाही. पुढे पन्नास वर्षांनी ते म्हातारपणी पाहायला आले, तेव्हा कोल्हापुरात महावीर उद्यानात स्तंभ उभा राहिला, दफनभूमी दुरुस्त झाली, २०१९ मध्ये पोलंडचे मंत्री येऊन गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या, कोल्हापूरच्या नावानं असलेल्या स्मारकावर फुलं वाहिली. दोन्ही बाजूंना शोभणारी आठवण. मात्र त्या सोहळ्यांच्या भाषणांत बराकींत नंतर कोण राहायला आलं याचा उल्लेख झाला तर ओझरताच होतो.

सिंधी निर्वासितांची गोष्ट सांगायची तर ती आधी थोडी मागून सांगावी लागते, कारण सिंध महाराष्ट्राला परका नव्हता. इंग्रजांनी तो १८४३ मध्ये जिंकला आणि थोड्याच वर्षांत मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ पर्यंत तो मुंबईहूनच चालवला जात होता. मराठी कारकून, मास्तर, अभियंते कराचीत नोकरीला जात. कराचीतल्या पहिल्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणाधिकाऱ्यांचं नाव आजही आहे. तिकडची मुलं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांना बसत. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबर १९४७ पासून, आणि ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर तर लोंढ्यानं, बोटींनी मुंबईच्या धक्क्यावर उतरलेल्या सिंधी माणसाला आपण परदेशात आलो असं वाटत नव्हतं. आपण आपल्याच इलाख्यात, आपल्याच स्वतंत्र देशात आलो, आणि या स्वातंत्र्याची किंमत आपण घरदार देऊन चुकवली, अशी त्याची समजूत होती. पोलिश बाई वळिवड्याला आली तेव्हा तिची अपेक्षा शून्य होती. सिंधी माणूस देणेकरी म्हणून आला नव्हता, तो स्वतःला येणेकरी समजत होता.

त्याला मिळालं काय? नोंदणी, रांग, शिधापत्रिका आणि लष्करानं टाकून दिलेल्या बराकी. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या पाच लष्करी छावण्या होत्या, त्यांत नव्वद हजारांच्या वर माणसं आणून ठेवली. लांबच लांब दालनं. गोणपाटाचे नाहीतर जुन्या साड्यांचे पडदे लावून प्रत्येक कुटुंबानं आपला चौकोन आखला. सामाईक संडास, सामाईक नळ. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. नाव नदीवरून दिलं होतं, पण त्या बराकींत ते नाव कसं वाटलं असेल याची कल्पना करता येते. लोक आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असंच सांगतात. पिंपरीतही कॅम्प, चेंबूरलाही कॅम्प. ठाण्यात कोपरी कॉलनी. आणि कोल्हापूरजवळ पोलिश लोकांनी रिकाम्या केलेल्या खोल्या.

कोल्हापूरही तेव्हा जागेवर नव्हतं. गांधीहत्येनंतर जानेवारी-फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्राह्मणांची घरं-दुकानं जळाली, भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. संस्थान शेवटच्या घटका मोजत होतं, १ मार्च १९४९ ला ते मुंबई राज्यात विलीन झालं. निर्वासितांविषयी लिहिताना आपण यजमान समाज म्हणजे जणू पक्क्या भिंतींचं घर आणि येणारा तेवढा वाऱ्यावर, असं धरून चालतो. इथे घरातलीच माणसं एकमेकांची घरं जाळून दमली होती, राजा जाणार होता, कायदे बदलणार होते. अशा वेळी आलेल्या सिंधी माणसानं ‘इथली रीत’ कोणाकडून शिकायची?

तो शिकला बाजाराकडून. मुंबईच्या लोकलमध्ये गोळ्या, रुमाल, पेनं विकणारी सिंधी मुलं ही त्या काळातली सर्रास दिसणारी गोष्ट. दोन पैसे नफा घेऊन माल खपवायचा आणि पुन्हा आणायचा, ही पद्धत स्थानिक दुकानदारांना मानवली नाही. त्यांचं गिऱ्हाईक तुटत होतं. मग तोंडी एक सिंधीप्रतिमा तयार झाली : चलाख, अस्वच्छ, पैशाचा लोभी. नकली मालाला ‘उल्हासनगरी’ म्हणायची खोड मराठीत रुजली. आपण हा शब्द गमतीनं वापरत आलो, पण ज्याचं गाव तेच आहे त्याला तो रोज कसा ऐकू येत असेल? सिंधी आठवणींत यावर उघड चीड फार कमी आढळते. बहुधा हसून बाजूला सारलेलं असतं, किंवा ‘आम्ही मेहनत केली, कोणापुढे हात पसरला नाही’ या वाक्यात गुंडाळलेलं असतं. शरणार्थी म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते स्वतःला पुरुषार्थी म्हणवून घेत. मी हे वाक्य वाचतो तेव्हा त्यात अभिमानापेक्षा उत्तर दिल्याचा सूर ऐकू येतो, न उच्चारलेल्या आरोपाला दिलेलं उत्तर.

सिंधी समाज सगळा एकजात निर्धन आणि भाबडा होता असंही नाही, आणि या बाबतीत आपल्याकडच्या लिखाणात फार सपाटीकरण झालं आहे. हैदराबाद-सिंधचे सिंधवर्की व्यापारी फाळणीच्या कितीतरी आधीपासून जिब्राल्टर, पनामा, जपानपर्यंत पेढ्या चालवत होते. क्लोद मार्कोवित्स यांनी त्यावर उत्तम इतिहास लिहिला आहे. परक्या गावात राहून तिथल्या माणसाला न दुखवता धंदा कसा करायचा, ही त्यांची पिढीजात विद्या होती. आमिल, म्हणजे नोकरदार-वकील-शिक्षकांचा वर्ग, मुंबईत वांद्रे-खारकडे सरकला. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्येच मुंबईत जयहिंद कॉलेज काढलं. हैदराबादचं नॅशनल कॉलेज वांद्र्याला पुन्हा उभं राहिलं. साधू वासवानी पुण्यात आले आणि त्यांच्या मीरा शाळेत मराठी मुलीही शिकल्या. या माणसांना दिसलेला महाराष्ट्र आणि कॅम्पातल्या नळावर भांडणाऱ्या बाईला दिसलेला महाराष्ट्र एकच असणं शक्य नव्हतं. त्या बाईचं बोलणं आपल्याला मिळतं ते बहुतेक सिंधी कथा-कादंबऱ्यांतून. पोपटी हिरानंदानी, सुंदरी उत्तमचंदानी, उल्हासनगरात राहिलेले मोहन कल्पना यांच्या लेखनाची मराठीत जेवढी दखल घ्यायला हवी होती तेवढी आपण घेतलेली नाही. शेजारी राहून सत्तर-पंचाहत्तर वर्षं झाली, तरी.

पंजाब आणि बंगाल फाळणीत चिरले गेले, त्यामुळे तिकडून आलेल्याला इकडे आपल्या भाषेचा अर्धा प्रांत तरी होता. सिंध अखंड पाकिस्तानात गेला. भारतात सिंधी माणूस जिथे गेला तिथे यजमानाची भाषा वेगळी होती. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत सिंधीचा समावेश व्हायला एप्रिल १९६७ उजाडावं लागलं, आणि ती अरबी वळणाच्या लिपीत लिहायची की देवनागरीत, यावर समाजात दोन तट पडले ते पडलेच. देवनागरीचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं असं की मुलं शाळेत हीच लिपी शिकतात. विरोधकांना भीती वाटे की लिपी गेली की सिंधीचे कवी शाह अब्दुल लतीफ गेले. यजमानाला कळेल असं व्हायचं की आपल्यालाच कळेल असं राहायचं, हे भांडण बाहेरच्या कोणी लादलेलं नव्हतं, पण यजमानाची सावली त्यावर पडलेली होतीच.

धर्माच्या बाबतीत ही सावली मला अधिक गडद दिसते. सिंधमधला हिंदू गुरू नानकांची बाणी म्हणे, पिराच्या दर्ग्यावर जाई, मासे-मटण खाई. मुसलमानांच्या देशातून पळून आलेल्या या माणसाकडे इथल्या शेजाऱ्यानं पाहिलं तेव्हा त्याला तो पुरेसा हिंदू वाटला नाही. गुजरातेत हा ताण किती तीव्र होता ते रीटा कोठारी यांनी ‘द बर्डन ऑफ रेफ्युज’मध्ये दाखवलं आहे. महाराष्ट्रात मांसाहाराचा बाऊ तितका झाला नाही, तरी ‘हे कुठल्या पंथाचे’ ही शंका इथेही होती. मुंबईत प्राध्यापक राम पंजवानी यांनी झुलेलाल आणि चेटीचंड यांना सगळ्या सिंध्यांचं एकत्र येण्याचं निमित्त बनवलं. मिरवणूक, देव, सण : शेजाऱ्याला ओळखता येईल असा आकार. गणपतीच्या मिरवणुकीच्या गावात हे सुचणं स्वाभाविक होतं. त्यातून समाज सावरला यात शंका नाही. पण दर्ग्यावरचं गाणं हळूहळू घराच्या आतल्या खोलीत गेलं. निर्वासित यजमानाला पाहत असतो तेव्हा यजमान आपल्याला कसं पाहतोय हेही तो पाहत असतो, आणि त्या दुसऱ्या पाहण्यानं त्याचं देवघरसुद्धा हलतं.

जिथून निघूनही जाता येत नाही आणि जिथे मुळं धरायचीही नाहीत, अशा मुक्कामाचं उदाहरण शोधायला महाराष्ट्राबाहेर जावं लागत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. थंडीत पुण्या-नागपुरात रस्त्याकडेला स्वेटर घेऊन बसणारे तिबेटी सगळ्यांनी पाहिलेत. स्वेटर बहुतेक लुधियानाचे असतात. त्यांच्यापैकी पुष्कळांकडे भारताचं नागरिकत्व नाही, नोंदणीचा दाखला आहे आणि तो वेळोवेळी नव्यानं करून घ्यावा लागतो. १९५० ते १९८७ च्या दरम्यान भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानंच नागरिक ठरतात, असं न्यायालयानं सांगूनही अनेकांनी पासपोर्ट मागितला नाही. परत जायचं आहे, हे सांगत राहण्याचा तोच एक मार्ग त्यांना दिसतो. एक पोलिश बाई इथे आठवते. वांदा दिनोव्स्का, उमादेवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, थिऑसॉफीच्या ओढीनं १९३५ मध्ये भारतात आल्या, युद्धकाळात पोलिश मुलांसाठी राबल्या आणि साठच्या दशकात तिबेटी निर्वासितांत काम करायला धरमशालेला गेल्या. त्यांचे सहकारी मॉरिस फ्रिडमन, ज्यांचं नाव औंध संस्थानच्या स्वराज्य-प्रयोगामुळे आणि निसर्गदत्त महाराजांमुळे मराठी वाचकाला माहीत असतं, तेही त्या कामात होते. दोघांनाही कोणी निर्वासित म्हटलं नाही, कारण आपण किती दिवस राहायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

भारतानं १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपला वेगळा कायदाही नाही. म्हणून कोणाला किती दिवस, कोणत्या अटींवर, हे दरवेळी वेगळं ठरतं. सिंधी माणसाला नागरिकत्व मिळालं. १९५४ च्या भरपाई कायद्याखाली ज्यांच्याकडे तिकडच्या मालमत्तेचे कागद होते त्यांना काहीतरी हाती आलं आणि पुष्कळांनी राहत्या बराकीच त्या हिशेबात पदरात पाडून घेतल्या. त्या दिवशी वळिवड्याच्या खोलीचा अर्थ बदलला. पोलिश मुलीनं ओसरीपुढे फुलं लावली होती. सिंधी मालकानं ओसरी बंद करून दुकान काढलं. पहिलं पाहायला रम्य आणि दुसरं बकाल, असं म्हणायचा मोह होतो, आणि म्हटलंही गेलं आहे. पण राहायला आलेला माणूस जागेचा असाच वापर करतो. कोल्हापूरच्या कोणत्याही जुन्या पेठेत रस्त्याकडच्या पडव्या अशाच दुकानं झालेल्या दिसतील.

पुढची पानं वाचताना एका शब्दापाशी वाचकानं जरा थबकावं : उपकार. मुलाखत घेणारा बहुधा यजमान समाजातला असतो आणि तो शेवटी विचारतोच, ‘आमच्याकडे कसं वाटलं?’ या प्रश्नाला समोरचा माणूस एकच उत्तर देऊ शकतो. पोलिश पाहुणा ते मनापासून देतो, कारण त्याला उद्या विमानानं परत जायचं असतं. सिंधी आजोबा तेच उत्तर देतात, कारण उद्या सकाळी त्यांना त्याच रस्त्यावर दुकान उघडायचं असतं. म्हणून अशा प्रश्नांची उत्तरं मी बाजूला ठेवतो आणि किरकोळ वाटणाऱ्या तपशिलांकडे वळतो. भाड्यानं खोली मागायला गेल्यावर आडनाव ऐकून कोणी नकार दिला, शाळेत मास्तर कोणत्या नावानं हाक मारत, मयताला शेजारचं कोण आलं, पहिलं मराठी वर्तमानपत्र घरात कधी यायला लागलं, मुलीनं मराठी मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा दोन्ही घरांत काय बोलणी झाली, पहिलं उधार कोणत्या व्यापाऱ्यानं आणि कोणाच्या शब्दावर दिलं. दहाव्या वर्षी या बराकींत आलेली मुलं आज पंचाऐंशी ओलांडून गेली आहेत. आणि वळिवडे गावातल्या ज्या माणसांनी आधी पोलिश बायकांना भाजी विकली आणि नंतर सिंधी दुकानातून कापड घेतलं, त्यांच्याकडे तर अजून कोणी वही घेऊन गेल्याचं दिसत नाही. दोन्ही बिऱ्हाडं पाहिलेले साक्षीदार तेवढेच आहेत.